भूल न दिलेली बाळं

ऑपरेशनला नेताना बाळ बरं असायचं. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, पेटीत ठेवलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं बाळ जितकं बरं असू शकतं तितकं. तेच बाळ थिएटरमधून परत यायचं तेव्हा त्याची रया गेलेली असायची. अंग करडं पडलेलं, श्वास उथळ, नाडी जेमतेम लागणारी. मग तासन् तास धावपळ. प्राणवायू वाढवा, रक्तातली साखर भलतीच चढली म्हणून इन्सुलिन द्या, पुन्हा मोजा, पुन्हा द्या.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलमध्ये ही धावपळ ज्यांच्या वाट्याला यायची त्यांत डॉ. कनवलजीत सिंग आनंद होते. जन्म काश्मीरचा, डॉक्टरकी इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजातली आणि पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. ऑपरेशन तर व्यवस्थित झालेलं असायचं, मग बाळाची ही दशा कशाने होते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. पेटीपाशी बसून उत्तर मिळणार नव्हतं. बाळ जिथे जातं तिथे आपणही जावं असं त्यांनी ठरवलं. नवजात विभागातल्या डॉक्टरने थिएटरात जायची तिथे रीत नव्हती. खटपट करून त्यांनी परवानगी मिळवली.

आत गेल्यावर कळलं की बाळांना पुरेशी भूलच दिली जात नाही.

स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं जात होतं आणि सोबत फार तर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे अगदी सौम्य गुंगी आणणारा वायू. लुळं पाडणारं औषध क्युरारेच्या कुळातलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना जे विष लावत, त्यातून निघालेलं. त्याने हातपाय हलत नाहीत, चेहरा हलत नाही, श्वाससुद्धा यंत्राने द्यावा लागतो. पण माणूस शुद्धीत राहतो आणि त्याची वेदना तसूभरही कमी होत नाही. मोठ्या माणसावर हे कुणी केलं असतं तर तो छळ ठरला असता. बाळ मात्र हलत नव्हतं, रडत नव्हतं, म्हणून टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते शांत झोपल्यासारखं दिसत होतं.

हे करणारे लोक क्रूर नव्हते. बाळाचा जीव वाचावा म्हणूनच ते रात्री-अपरात्री उभे राहत होते. मग असं का घडलं, याचं उत्तर जरा मागे जाऊन शोधावं लागतं.

1941 साली न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही बाळं टोचलं तरी फारसा प्रतिसाद देत नाहीत असं त्यांना दिसलं. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ बाळंतिणींना कळांच्या वेळी गुंगीची औषधं देत आणि ती नाळेवाटे बाळापर्यंत पोचत. ही गोष्ट फारशी कुणी विचारात घेतली नाही. जोडीला शरीरशास्त्राचा एक दाखला होता. विजेच्या वायरीवर रबर असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि नवजात बाळात ते पुरतं तयार झालेलं नसतं. आवरण नाही, म्हणजे संदेश मेंदूपर्यंत जात नाही, म्हणजे वेदना नाही, अशी ही साखळी. ती कच्ची होती, कारण मोठ्या माणसात ठसठसणारी वेदना वाहून नेणारे तंतूही बिनआवरणाचेच असतात. आवरण नसलं की संदेश सावकाश जातो, एवढंच. आणि बाळाच्या शरीरात अंतर तरी असं कितीसं असतं?

तिसरं कारण मला सगळ्यांत समजण्यासारखं वाटतं. त्या काळची भुलीची औषधं लहान बाळांना खरोखर धोक्याची होती. मात्रा जरा जास्त झाली की हृदय मंदावे, श्वास थांबे. लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी 1950 साली नवजात बाळांसाठी हलकी भूल सुचवली ती नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे यांचीच. तिने बाळं वाचली. एक पिढी ती पद्धत शिकली, तिने पुढच्या पिढीला शिकवली आणि मधेच कुठे तरी ‘भूल देणं धोक्याचं आहे’ याचं ‘भुलीची गरजच नाही’ असं होऊन बसलं. पुढे फेंटॅनिलसारखी हृदयाला सांभाळून घेणारी औषधं आली, काही डॉक्टरांनी ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सुखरूप देऊनही दाखवली, तरी रुळलेली वाट सुटली नाही.

आपल्याकडे काय वेगळं होतं? अभिमन्यूने आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकला ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. पोटातल्या बाळाला ऐकवायचे गर्भसंस्कार महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहेत. त्याच घरात बाराव्या दिवशी कान टोचताना बाळाने टाहो फोडला, तर ‘त्याला काय कळतंय, विसरेल लगेच’ असं म्हणणारी प्रेमळ माणसंही असतात. बाळाला कळतं असं मानणारा समाजसुद्धा बाळाला दुखतं हे सहज विसरतो. ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरांना एकट्यांना दोष देऊन म्हणून भागणार नाही.

आनंद यांना जे सलत होतं ते सिद्ध करणं भलतंच अवघड होतं. बाळ बोलत नाही, आणि थिएटरात तर त्याचा चेहराही लुळा पाडलेला. मग साक्ष द्यायला उरतं कोण? रक्त. शरीरावर घाला पडला की अॅड्रिनलिन, नॉरअॅड्रिनलिन, ग्लुकागॉन, स्टिरॉइड जातीची संप्रेरकं उसळतात. साखर चढते, लॅक्टेट चढतं. स्नायू लुळे करता येतात, पण या ग्रंथींना गप्प बसवता येत नाही. अडचण अशी की किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम शंभर मिलिलिटर. तपासणीसाठी त्यातून घेऊन घेणार किती? अगदी थोड्या रक्तात ही संप्रेरकं मोजायचं तंत्र बसवावं लागलं. आनंद यांचे मार्गदर्शक अल्बर्ट एन्स्ली-ग्रीन यांचा हाच विषय होता आणि स्टिरॉइड मोजण्यात जर्मनीतल्या कील इथले वोल्फगांग सिप्पेल यांचा हात बसलेला होता. एन्स्ली-ग्रीन पुढे 2005 मध्ये इंग्लंडचे पहिले बालआयुक्त झाले.

आनंद आणि सहकाऱ्यांनी निवडलेली शस्त्रक्रिया एकच होती. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून एक छोटी रक्तवाहिनी रक्ताला फुप्फुसांच्या बाहेरून वळवते. जन्मानंतर ती आपली आपण मिटते. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पुष्कळ बाळांत ती उघडीच राहते आणि मग छाती उघडून ती बांधावी लागते. अशी 16 बाळं घेतली. सगळ्यांना त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारेजातीचं औषध. चिठ्ठी टाकावी तसं निवडून आठ बाळांना त्याशिवाय फेंटॅनिल, किलोमागे 10 मायक्रोग्रॅम.

निकाल 1987 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली होती. साखर, लॅक्टेट चढलेलं होतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही त्यांच्या लघवीत स्नायू झिजल्याच्या खुणा सापडत होत्या. म्हणजे वाढायच्या वयात ते शरीर स्वतःलाच खात होतं. रक्ताभिसरणाची आणि श्वासाची गुंतागुंतही त्याच बाळांत जास्त. पेटीपाशी परत आलेल्या करड्या बाळांचं कोडं सुटलं होतं. ती ऑपरेशनने खचत नव्हती, वेदनेने खचत होती.

या प्रयोगातल्या दुसऱ्या आठ बाळांचा विचार मनातून जात नाही. त्यांना फेंटॅनिल मिळालं नाही, कारण तेव्हाची प्रचलित पद्धतच तशी होती. प्रयोगात नसती तरी त्यांना ते मिळालं नसतं. हे सगळं मान्य करूनही वाचताना पोटात कालवतं. ब्रिटनमध्ये पुढे गदारोळ उठला तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि काही खासदारांनी राग काढला तो या संशोधकांवरच. ज्यांनी दुखणं दाखवलं तेच दुखणं देणारे ठरले. माझ्या मते तो अन्याय होता. त्या आठ बाळांच्या रक्ताने दिलेली साक्ष नसती तर हजारो थिएटरांतली पद्धत आणखी कित्येक वर्षं तशीच चालू राहिली असती.

अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास एक आई एकटी लढत होती. जिल लॉसन. 1985 मध्ये वॉशिंग्टनमध्ये तिच्या जेफ्री या अपुऱ्या दिवसांच्या मुलावर हीच शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी तो गेला. मागाहून कागदपत्रं पाहताना तिला कळलं की छाती उघडताना, फासळ्या बाजूला सारताना त्याला लुळं पाडणारं औषध तेवढं दिलं होतं, भूल नव्हती. तिने विचारलं, तेव्हा इतक्या लहान बाळांना वेदना होतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही, असं उत्तर मिळालं. तिने पत्रं लिहिली. डॉक्टरांना, संस्थांना, नियतकालिकांना. बहुतेकांनी दुःखात बुडालेली आई म्हणून तिच्याकडे पाहिलं. 1986 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तिची हकीकत छापली आणि देशभरातले आईबाप आपापल्या बाळांचे कागद काढून विचारायला लागले.

आईची पत्रं आणि प्रयोगशाळेतले आकडे, दोन्ही एकाच वर्षात एका ठिकाणी येऊन भिडले. 1987 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर निवेदन काढलं की नवजात बाळांनाही भूल द्यायला हवी आणि ती सुरक्षितपणे देता येते. त्याच वर्षी नोव्हेंबरात आनंद आणि बोस्टनचे पॉल हिकी यांचा दीर्घ लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि बिनआवरणाच्या तंतूंचा जुना दाखला मोडीत निघाला. 1992 मध्ये याच दोघांनी हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या 45 नवजात बाळांचा अभ्यास मांडला. नेहमीची, त्या मानाने हलकी भूल मिळालेल्या 15 पैकी चार बाळं दगावली. खोल भूल मिळालेल्या 30 पैकी एकही नाही. भूल दिली तर बाळ दगावेल, ही चाळीस वर्षांची भीती उलटी ठरली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण ऑपरेशन हा पेटीतल्या बाळाच्या आयुष्यातला एखादाच प्रसंग. टोचणं रोजचं असतं. रक्त तपासायला टाच टोचतात, सलाईनसाठी शीर शोधतात, श्वासनळीत घातलेली नळी साफ करतात, चिकटपट्टी ओढून काढतात तेव्हा कागदासारखी कातडी सोबत निघते. लंडनमध्ये मारिया फिट्झजेराल्ड यांनी पुन्हा पुन्हा टोचलेल्या टाचांकडे लक्ष दिलं. केसाएवढ्या बारीक तंतूने हळूच स्पर्श केला की बाळ पाय आक्रसून घेतं. ज्या टाचेला वारंवार टोचलं होतं तो पाय कितीतरी हलक्या स्पर्शालाच आक्रसत होता. बधिर करणारं मलम लावलेल्या टाचेत ही वाढलेली संवेदना दिसली नाही. 1989 मध्ये त्यांनी हे छापलं. जखम भरली तरी मज्जारज्जूने तिची नोंद ठेवली होती.

मग टोरंटोच्या अॅना टॅडिओ यांचा अभ्यास आला, 1997 चा. जन्मानंतर काही दिवसांतच सुंता झालेले मुलगे, त्यांतल्या काहींना आधी बधिर करणारं मलम लावलेलं, काहींना नुसतंच दिसायला तसं मलम, आणि सुंता न झालेले मुलगे, असे एकंदर 87. चार-सहा महिन्यांनी हे सगळे लस घ्यायला आले तेव्हा त्यांचे चेहरे आणि रडणं टिपलं. मलमाविना सुंता झालेली बाळं सर्वांत जास्त कळवळली, मलम लावलेली त्याहून कमी, न झालेली सर्वांत कमी. सहा महिन्यांच्या बाळाला पहिल्या आठवड्यातलं काही आठवत नसतं. तरी अंग विसरलं नव्हतं.

जन्माचा धक्का आयुष्यभर माणसाचा पाठलाग करतो, असं व्हिएन्नात ऑटो रँक यांनी 1924 मध्येच लिहिलं होतं. त्यांचे गुरू फ्रॉइड यांना ते पटलं नाही आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे त्या विचारातून जन्माची आठवण जागी करून उपचार करणाऱ्यांची परंपराच सुरू झाली. पडून राहा, श्वास वाढवा, मागे जा, पोटातला अंधार आठवा, अशा तऱ्हेची. तसं शिकवणारे वर्गही जगभर चालतात. तिथे जाणाऱ्यांचं दुःख खरं असतं याबद्दल मला शंका नाही. पण मोठेपणी शब्दांत उतरलेली जन्माची कहाणी ही आठवण असल्याचा भक्कम पुरावा नाही आणि उपचार करणाऱ्याने सुचवलं की मन चित्रं तयार करतं हे चांगलं ठाऊक आहे. पुरावा आहे तो टाचेचा, कपाळाच्या आठ्यांचा, संप्रेरकांचा. म्हणूनच जन्माभोवतीच्या आघातावर उपचार शिकवायचे तर त्याची पहिली शाळा पेटीपाशी भरते असं मी मानतो. तीस-चाळीस वर्षांनी मागे जाण्याची वाट पाहण्यापेक्षा घाव पडतो त्या घटकेला तो ओळखणारा माणूस तिथे हवा.

असा माणूस घडवावा लागतो. 2008 मध्ये पॅरिस आणि परिसरातल्या 13 अतिदक्षता विभागांतल्या 430 बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका बाळाला दिवसाला साधारण 10 वेदनादायक गोष्टी सोसाव्या लागत होत्या आणि त्यांपैकी 79 टक्के वेळा वेदना कमी करायला खास काहीही केलेलं नव्हतं. आनंद यांच्या शोधाला तोवर एकवीस वर्षं झाली होती. नुसतं माहीत होऊन हातांची सवय बदलत नाही.

नुसतं औषध वाढवूनही भागलं नाही, हा या कहाणीतला सगळ्यांत अवघड भाग. आनंद यांनीच पुढाकार घेऊन कृत्रिम श्वासावरच्या 898 अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मॉर्फिनची चाचणी केली. निकाल 2004 मध्ये आला. मेंदूतला रक्तस्राव किंवा मृत्यू मॉर्फिनने कमी झाले नाहीत. वरून जादा मॉर्फिन मिळालेल्या बाळांत काही धोके वाढलेलेच दिसले. ज्याने वेदना शोधली त्यानेच तिच्यावरच्या सर्वांत ओळखीच्या औषधाची मर्यादाही छापून टाकली. शास्त्रज्ञाची खरी परीक्षा मला यात दिसते. ऑपरेशनला भूल हवीच, त्यात वाद नाही. पण रोजच्या टोचण्यांना मॉर्फिन हे उत्तर नव्हतं. मग उरली माणसं, त्यांचे डोळे आणि हात.

डोळ्यांचं शिक्षण चेहऱ्यापासून सुरू होतं. कॅनडातल्या रूथ ग्रुनाव आणि केनेथ क्रेग यांनी बाळाचा वेदनेतला चेहरा बारकाईने मांडला. टोरंटोच्या बॉनी स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मोजपट्टीच तयार केली. परिचारिका तीत सात गोष्टी पाहते. बाळ किती आठवड्यांचं, ते झोपलेलं की जागं, हृदयाचे ठोके किती वाढले, प्राणवायू किती घसरला, भुवयांमधला भाग किती फुगला, डोळे किती घट्ट मिटले, नाकपुडीपासून ओठाच्या टोकापर्यंतची घडी किती खोल झाली. यात रडणं नाही. तोंडातून श्वासाची नळी गेलेल्या बाळाच्या रडण्याला आवाज नसतो, आणि फारच लवकर जन्मलेल्या बाळाच्या अंगात रडायचं त्राण नसतं. ते निपचित पडतं तेव्हा कधीकधी त्याला सर्वांत जास्त दुखत असतं. नवख्या परिचारिकेला हे पचवायला वेळ लागतो, कारण शांत बाळ म्हणजे सुखी बाळ, हेच आपण सगळे शिकलेलो असतो.

बोस्टनच्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिसे आल्स यांनी याहून पुढची शाळा काढली. त्यांच्या पद्धतीत शिकणाऱ्याने आधी काहीच करायचं नाही. पेटीपाशी बसायचं आणि बघायचं. कुणी बाळाची दुपटी बदलायला, तपासायला येण्याआधी, ते चालू असताना आणि झाल्यावर. दर दोन मिनिटांच्या रकान्यात खुणा करत जायच्या. बोटं फाकली, हात ताठ होऊन हवेत गेला, जांभई, शिंक, उचकी, नजर दुसरीकडे वळवली, रंग उतरला. बाळाला सोसत नाहीये हे सांगणाऱ्या या खुणा. आणि त्याच कागदावर दुसऱ्या खुणा. हात तोंडाकडे नेला, तळपाय कशाला तरी टेकवला, बोटांनी दुपट्याची कड धरली. बाळ स्वतःला सावरतंय, तिथे त्याला आधार द्या. असं निरीक्षण अनेकदा करून ते शब्दांत लिहायला शिकेपर्यंत प्रशिक्षण पुरं होत नाही. आल्स यांच्या 1994 च्या चाचणीत 38 बाळांत या पद्धतीचे चांगले फायदे दिसले. नंतर सगळ्या चाचण्यांची बेरीज मांडणाऱ्यांना दूरवरचा फायदा पक्का करता आला नाही. तरी अतिदक्षता विभागांतले झगझगीत दिवे मंदावले, दरवाजे हळू लागू लागले, यात या शाळेचा मोठा वाटा आहे.

हातांचं शिक्षण त्याहून साधं वाटतं, पण करून दाखवल्याशिवाय जमत नाही. टाच टोचायच्या आधी एका तळव्याने बाळाचं डोकं झाकायचं, दुसऱ्याने गुडघे पोटाशी मुडपून धरायचे, पोटात असताना ते होतं तसं. दाबायचं नाही, कुरवाळायचंही नाही. नुसता स्थिर, उबदार हात. टोचून झालं की लगेच सोडायचं नाही, बाळ सावरेपर्यंत थांबायचं. घाईच्या ड्यूटीत हे थांबणंच सगळ्यांत अवघड असतं.

आणि सगळ्यांत चांगले हात कुणाचे, याचं उत्तर बोगोटातून आलं. तिथल्या सरकारी माता-बाल रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत. 1978 मध्ये डॉ. एडगर रे यांनी लहान बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तेव्हा हेतू ऊब द्यायचा होता. 2000 मध्ये लॅरी ग्रे आणि सहकाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या बाळांची टाच आईच्या छातीशी असताना टोचली, तर रडणं 82 टक्क्यांनी आणि चेहऱ्यावरचं आक्रसणं 65 टक्क्यांनी कमी झालं. इटलीतल्या आओस्तामध्ये अपुऱ्या दिवसांच्या 20 बाळांची टाच टोचताना आई नुसती बोलत राहिली तरी वेदनेचा गुणांक 4.5 वरून 3 वर आला आणि बाळाच्या लाळेतलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं. हा अभ्यास 2021 चा.

पण ती आई कोणत्या अवस्थेत तिथे उभी असते? तिचंही बाळंतपण भलत्या वेळी, भलत्या तऱ्हेने झालेलं असतं. पोटावर टाके, छातीत दूध आणि बाळ काचेपलीकडे. ‘हात लावू नका’ असं तिला कुणी ना कुणी म्हटलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड शॉ यांनी अशा आयांसाठी सहा बैठकांचा उपचार आखला. प्रशिक्षित उपचारक आईकडून जन्माची हकीकत सावकाश, तिच्या शब्दांत ऐकून घेतो, तिने स्वतःवर लादलेला दोष उकलतो, घाबरलेलं बाळ आणि दुखणारं बाळ यांच्या खुणा तिला दाखवतो. 2013 मध्ये छापलेल्या 105 आयांच्या चाचणीत धक्क्याची आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. इथे आठवण खोदून काढावी लागत नाही. ती ताजी असते, सांगायला माणूस मात्र नसतो.

2015 मध्ये ऑक्सफर्डमध्येच, त्याच जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलात, रेबेका स्लेटर यांच्या गटाने काही दिवसांच्या दहा बाळांना झोपेत एमआरआय यंत्रात ठेवलं आणि तळपायाला पेन्सिल टोचावी तितपत हलका दाब दिला. मोठ्यांच्या मेंदूत वेदनेच्या वेळी जागे होणाऱ्या 20 भागांपैकी 18 बाळांतही जागे झाले. आणि मोठ्यांचा मेंदू जितक्या दाबाला उत्तर देत होता, त्याच्या चौथ्या हिश्शाच्या दाबाला बाळांचा मेंदू उत्तर देत होता.

पेटी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, सुई मात्र येते. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी आणि हिपॅटायटिस बी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या दिवशी बाळाला टेबलावर आडवं करून, पाय दाबून धरून टोचतात आणि रडायला लागल्यावर आईकडे देतात, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लस देताना वेदना कमी कशी करावी हे लिहून दिलं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. बाळ आईच्या कुशीत हवं. टोचायच्या आधी किंवा टोचतानाच त्याला अंगावर पाजावं. सुई आत गेल्यावर पिचकारी मागे ओढून पाहत बसू नये. दोन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. नर्सताईंना हे प्रशिक्षणात सांगायला हवं, आशाताईंनी ते घरी जाऊन आईला सांगायला हवं. आणि आईने केंद्रात गेल्यावर ‘मी बाळाला पाजत बसते, तुम्ही टोचा’ एवढं म्हणायला काहीच हरकत नाही.